वारं नव्हे, ब्लडप्रेशर

इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंनी माझं ब्लडप्रेशर पुन्हा एकदा मोजलं आणि म्हणाल्या, "पोस्टपार्टम प्रीएक्लॅम्प्सिया. ॲडमिट करतोय." म्हणजे बाळंतपणानंतर रक्तदाब धोक्याच्या पातळीवर चढणं. औषधाला उशीर झाला तर झटके येतात, जीवही जातो. लेक जेमतेम आठवड्याची होती. मला रडू यायच्या आधी राग आला.

कारण दोन दिवस माझं डोकं फुटत होतं आणि घरातल्यांनी निदान करून टाकलं होतं: मी केस धुतले म्हणून.

आईचा व्हिसा अडकला, तेव्हा आम्ही कॅनडातल्या आमच्या किचनरच्या घरी मेई आंटींना ठेवलं. त्या मलेशियातल्या चिनी. तिकडे बाळंतिणीला सांभाळायला महिनाभर अशी बाई घरी राहते. पोट बांधायची पद्धत त्या मलय शेजारणींकडून शिकलेल्या. आल्याचं सूप, तिळाचं तेल, गार पाणी बंद, केस धुणं बंद. मी गुपचूप धुतले आणि पकडले गेले.

नागपूरहून आई रोज व्हिडिओवर त्यांच्याशी भांडायची. मेथी की आलं, यावरही दोघींचं जमेना. डोकेदुखीवर मात्र लगेच जमलं. आई म्हणाली, "वारं शिरलं." आंटी म्हणाल्या, "विंड गो इन." माझा नवरा निखिल म्हणाला, "बघ, दोघीही सेमच सांगतायत," आणि त्याने माझे कान स्कार्फने बांधले. इंजिनिअर माणूस!

गोळीने डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले, तोंड सुजलं. शेवटी मीच ओरडले, "मला हॉस्पिटलला ने, नाहीतर मी टॅक्सी करते."

मॅग्नेशियम सल्फेट लावलं, म्हणजे झटके येऊ नयेत म्हणून सलाईनमधून देतात ते औषध. त्याने अंग भाजून निघतं. नर्सने बर्फाचं पाणी दिलं, तर बाळाला घेऊन आलेल्या आंटींनी ते सिंकमध्ये ओतलं. माझ्यात उशी फेकायचीही ताकद नव्हती. नर्सने त्यांना शांतपणे समजावलं, "आणखी थांबला असतात, तर ही कदाचित वाचली नसती."  मग आंटींनी सगळी लक्षणं नर्सकडून पुन्हा ऐकून घेतली.

बायांनो, बाळंतपणानंतर डोकं दुखायचं थांबत नसेल, नजर धूसर झाली, दम लागला, तर घरात मतं विचारत बसू नका. निघा.

मी बरी झाले. आंटींचा राग अजून येतो. पण मी हॉस्पिटलमध्ये असताना माझी लेक त्यांच्याच कुशीत होती, हेही खरं. म्हणून त्यांना पुढचं काम मीच मिळवून दिलं, शेजारच्या वॉटर्लू गावातल्या एका पंजाबी बाळंतिणीच्या घरी.

परवा त्यांचा फोन आला. "इथल्या बाळंतिणीचं डोकं दुखतंय. मी तिला गाडीत बसवलंय. सासू जाऊ देत नाही. तू सासूला हिंदीत सांग."

मी सांगितलं. इतक्या मोठ्याने, की माझी लेक दचकून उठली.