उरलेली दोन मिनिटं पवईत

अख्ख्या आशिया खंडाला एकट्याने, घरबसल्या जेरीस आणलेला माणूस पाहायचा असेल, तर एखाद्या रविवारी चारकोपला आमच्या मेहुण्यांकडे जेवायला चला. मेहुणे म्हणजे आमच्या हिचे थोरले बंधू. त्यांना सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. वडील परळच्या गिरणीत होते; दादा चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढता काढता रिटायर झाले. उभ्या आयुष्यात हा माणूस पूर्वेला ठाण्याच्या पुढे गेलेला नाही. पण चीनमध्ये मासा कसा वाफवतात, जपानात त्याला काय चोपडतात आणि व्हिएतनाममध्ये त्याच्यावर कसला पाला टाकतात, हे ते अशा काही ठसक्यात सांगतात की जणू मधल्या सुट्टीत तिकडे जाऊन आले असावेत. "भावोजी, मासा पांढरा पाहिजे. पापलेट, जिताडा, फार तर मुडदुशी. बांगडा हा आशियातला मासाच नव्हे!" हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यामागे अनुभव आहे. एकदा त्यांनी चार बांगडे सोया सॉसमध्ये वाफवले होते, तेव्हा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली येऊन "गॅस लीक होतोय का हो?" म्हणून विचारून गेले. तेव्हापासून बांगड्याला त्यांच्या नकाशात जागा नाही.

आता मालवणी माणूस एवढी जिवाची मुंबई सोडून चीन-जपानात कशाला शिरला, ते सांगायला हवं. कारण आहे नारळ. गावी यांचे अकरा माड. आई-वडील गेल्यावर दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ वाटणीला बसले. पाच-पाच माड सुरळीत वाटले गेले. अकरावा विहिरीवर वाकलेला, तो काही कापून वाटता येईना. त्या एका माडावरून दोघांनी मागची सगळी भांडणं उकरली. शेवटी धाकटा ओरडला, "माझ्या वाट्याचे नारळ इतकी वर्षां तूच गिळलंस!" झालं. दादा ताडकन उठले. एरवी शुद्ध बोलणारा माणूस, पण रागात त्यांची मालवणी बाहेर येते. "माका गिळलंस म्हणतस? आजपासून नारळाचो एक तुकडो माझ्या तोंडात जाऊचो नाय!" धाकटा मुलुंडला निघून गेला तो गेलाच. सहा वर्षं बोलणं बंद. आणि दादांनी शब्द पाळला. मालवणी माणसाने नारळ सोडायचा म्हणजे काय, कळतंय ना? माशाची कढी गेली, सोलकढी गेली, घावनाबरोबरचा रस गेला. देवळात खोबऱ्याचा तुकडा हातावर पडला तर तो कपाळाला लावून माझ्याकडे सरकवायचे. वहिनींनी मात्र "तुमचं भांडण तुमच्यापाशी" म्हणून आपलं खोबऱ्याचं वाटण चालूच ठेवलं. तेव्हापासून त्या घरातल्या शेगडीची फाळणी झाली आहे. डावी चूल मालवणची, उजवी आशियाची.

पूर्वेला तरी नारळाशिवाय जगता येईल, या भाबड्या आशेने दादा यूट्यूबवर बसले. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, आवाज पार पडलेला. "भावोजी, थायलंड गेलं. नारळाचं दूध घालतात. इंडोनेशिया गेला. मलेशिया तर आपल्यापेक्षा वाईट! अर्ध्या आशियाची वाट लावली हो या माडाने." उरलेल्या अर्ध्यावर मग ते जे तुटून पडले, त्याला तोड नाही. वाफवायला भांडं हवं म्हणून त्यांनी वहिनींचं मोदकपात्र काढलं. गणपतीचं मोदकपात्र, आणि त्यात जिताडा! वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दादांनी नवीन पात्र आणून त्यावर लाल ऑइलपेंटने 'मासे' असं लिहिलं, खाली नकाशातल्यासारखी तारीख आणि सही. परदेशात गवती चहा माशाला लावतात हे कळल्यावर सोसायटीतल्या कुंड्यांमधला गवती चहा हळूहळू बोडका होत गेला, आणि सेक्रेटरीबाई उगाच मांजरांवर संशय घेत राहिल्या. सोयाबीन आंबवून केलेला जपानी मिसो आणला, तर वहिनी नुसता वास घेऊन म्हणाल्या, "पिठलं विसरलं होतं का कोणी डब्यात?" माशाचा सॉस आणला तेव्हा मात्र त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि "हे आपल्या सुकटीचं पाणी. एवढ्यासाठी बाटली कशाला?" एवढंच म्हणून निकाल दिला.

बाजारातही यांची तऱ्हा न्यारी. चारकोपच्या मार्केटमधली कोळीण मावशी यांना लांबून बघूनच सुरी खाली ठेवते. कारण पापलेट अख्खं पाहिजे, डोक्यासकट, आणि चिरे दादा स्वतः घरी देणार. "अख्खा? डोकं पन ठेवू? कालवनाला नको, तलायला नको, मग नेऊन त्याचा फोटो काडनार काय, बाबा?" मावशी विचारते. दादा शांतपणे सांगतात, "वाफवणार." मावशी शेजारणीकडे बघते. "आजारी हाय कोनतरी घरी," ती हळूच म्हणते, आणि कधीकधी वर दोन कोळंब्या टाकते. घरी आल्यावर दादा जुन्या ड्रॉइंग बॉक्समधला काटकोन्या काढतात आणि पापलेटाच्या दोन्ही अंगांना पंचेचाळीस अंशांत तीन-तीन चिरे देतात. पोटात आलं आणि कांद्याची पात, खाली हळदीचं पान. मग भांड्यावर झाकण आणि हातात स्टॉपवॉच. आठ मिनिटं. या आठ मिनिटांत घरात कोणी बोलायचं नाही, दार उघडायचं नाही, पंखासुद्धा बंद. एकदा माझ्या बायकोला शिंक आली तर त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने दुसरी शिंक गिळली. शेवटी कडकडीत तापलेलं तेल वरून ओतायचं. चुर्र आवाज झाला की दादा डोळे मिटून म्हणतात, "ऐका! चीनचं कँटन!" वहिनी पोळपाटावरून मान वर न करता म्हणतात, "फोडणी."

आणि एवढं करून मासा होतो फक्कड. खोटं कशाला बोलू? पांढरंशुभ्र मांस काट्यावरून आपोआप सुटतं, आल्याचा झणका नाकात चढतो, आणि मी भात दोनदा घेतो.

पण खरी गंमत दुसऱ्या पापलेटाची. दादा नेहमी दोन मासे करतात. जेवणारे आम्ही चौघं, एक मोठं पापलेट पुरून उरतं. दुसरं स्टीलच्या डब्यात जातं आणि निघताना माझ्या हातात येतं. "जरा जास्तच झालं. तुमच्या शेजाऱ्यांना द्या." आम्ही राहतो मुलुंडला, आणि आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून कोण राहतो हे काय दादांना ठाऊक नाही? पहिल्या वेळी मी भोळेपणाने डबा खरोखरच शेजारच्या काकूंना देणार होतो. बायकोने स्कूटरवरच मला कोपराने ढोसलं. "अक्कल आहे का? धाकट्याकडे न्यायचाय तो!" तेव्हापासून सहा वर्षं मी चारकोप ते मुलुंड हा मासा वाहतोय. माझ्या प्रत्येक पँटवर उजव्या मांडीपाशी सोया सॉसचा एक डाग आहे. धाकटा दार उघडतो, "काय भावोजी, आज कुठून?" असं साळसूदपणे विचारतो, डबा घेतो आणि माझ्यासमोरच जेवायला बसतो. आणि नावं ठेवतो! "मीठ कमी. चारकोपवाल्यांना सांगा. आणि आलं कापलंय का फोडलंय?" पुढच्या रविवारी दादा चप्पल काढू देण्याआधीच विचारतात, "शेजारी काय म्हणाले?" मी सांगतो. दादा वहीत लिहून घेतात. त्या दिवशी आलं केसासारखं बारीक.

एकदा धाकटा म्हणाला, मासा जास्त शिजलाय, रबर झालंय. हे मी दादांना कसंबसं सांगितलं. दादा विचारात पडले. पुढच्या रविवारी त्यांनी पहिला मासा आठ मिनिटांनी काढला आणि दुसरा, आम्ही निघताना, सहा मिनिटांतच डब्यात भरला. मी म्हटलं, "दादा, कच्चा राहील हो." दादा झाकण घट्ट दाबत म्हणाले, "राहू दे. उरलेली दोन मिनिटं पवईत होतात." हे माझ्या डोक्यात शिरायला साकीविहार रोड उजाडला. या माणसाने माझ्या स्कूटरचा वेग, रविवारचं ट्रॅफिक आणि डब्यातली वाफ यांचा मेळ घालून मासा धाकट्याच्या ताटात पडेपर्यंत नेमका शिजेल अशी व्यवस्था केली होती. आणि तरी त्याचं नाव घेणार नाही! त्या दिवशी मला दोघांचाही इतका राग आला, की डबा देताना मी धाकट्याला म्हटलं, "अरे, फोन कर ना त्यांना एक." तो ताटाकडे बघत म्हणाला, "त्याला करायला काय होतं? थोरला तो आहे." हेच चारकोपला उलट्या बाजूने ऐकायला मिळायचं. बायको दर राखीपौर्णिमेला दोन घरी जाऊन दोनदा रडायची. धाकट्याला आता साखरेचा त्रास, दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दोघांपैकी एक जण असाच निघून जाईल आणि मी डबा हातात घेऊन उभा राहीन, ही भीती मला दर रविवारी पवईच्या सिग्नलला वाटायची.

मग मध्यंतरी मी आमच्याच जिन्यात पाय मुरगाळून घेतला. दोन रविवार मुलुंड सोडता आलं नाही, त्यामुळे डबाही नाही. तिसऱ्या रविवारी सकाळी धाकट्याचा फोन. "भावोजी, आज जाताय ना?" म्हटलं, जातोय, रिक्षाने. "मी येतो. तुमच्या पायाला आधार पाहिजे." आधार! बायको शेजारी असताना, चारकोपच्या इमारतीत चांगली लिफ्ट चालू असताना, त्याने मला दंडाला धरून तीन मजले जिन्याने चढवलं. पाय ठणकत होता, पण माझी तोंड उघडायची हिंमत झाली नाही. दादांनी दार उघडलं. माझ्या मागे त्यांना तो दिसला. त्यांनी नजर खाली माझ्या पायावर नेली.

"सूज उतरली?" दादांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच मागून धाकटा म्हणाला, "उतरतेय."

सहा वर्षांनी दोघं भाऊ पहिल्यांदा बोलले, ते माझ्या घोट्याबद्दल. वहिनी आत पदराने डोळे पुसत होत्या. दादा इतके गडबडले, की स्टॉपवॉच लावायलाच विसरले, पंखा चालूच राहिला आणि आम्ही सगळे मोठमोठ्याने भलतंच काही बोलत राहिलो. जेवायला बसल्यावर धाकट्याने पहिला घास घेतला. दादा वाढायचं थांबून त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"छान झालंय, दादा," धाकटा म्हणाला.

दादांचा चेहरा पडला. मला स्वयंपाकघरात गाठून ते कुजबुजले, "छान म्हणाला हो! पाहुण्यासारखं!" जेवण हसतखेळत झालं, धाकटा निघताना वहिनींच्या पाया पडला, पुढच्या रविवारी येतो म्हणाला. पण दादांच्या मनात ते 'छान' सलत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन. "भावोजी, धाकट्याला विचारा ना, खरं कसं झालं होतं." मी म्हटलं, तुम्हीच विचारा, आता बोलता ना? "छे! मला तो छानच म्हणणार."

मी धाकट्याला फोन लावला आणि त्याला फैलावरच घेतलं. इतकी वर्षं माझ्या तोंडावर नावं ठेवतोस, मग काल काय झालं होतं? तो हसला. मग हसायचा थांबला. "आलं जास्त झालं होतं, भावोजी. बराच वेळ जळजळत होतं. पण तुमच्या पायाचे दोन रविवार सोडले, तर सहा वर्षांत एक रविवार उपाशी ठेवलं नाही त्याने मला. त्याच्या तोंडावर कशी नावं ठेवू?"

मी ते शब्दन् शब्द दादांना सांगितलं.

"आलं जास्त झालं होतं, असं म्हणाला ना?" दादांनी विचारलं.

"हो. थोडं."

"मला वाटलंच," ते म्हणाले, आणि फोन न ठेवताच वहीत लिहू लागले; पेन्सिलचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. मीही ठेवला नाही.