देवीला विचारायचा प्रश्न

माझा नवरा गेला, त्यानंतर घरी आलेलं प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलून गेलं. देवाच्या मनात होतं. कोणी चपला काढता काढता म्हणालं, कोणी पाण्याचा पेला खाली ठेवताना. एका बाईंनी हे म्हटलं आणि लगेच आपल्या जावेशी वडप्याच्या नाक्यावरच्या ट्रॅफिकबद्दल बोलू लागल्या. मी भिंतीला टेकून बसले होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, दिवसभर गप्प राहायची सवय अंगात मुरलेली. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या सोयीने घेतला.

देवाच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. गोदामाच्या मागच्या शटरला बाहेरून कुलूप होतं, हे ठाऊक आहे.

पूर्ण्याला आमच्या चुलत दिरांचं गोदाम. पूर्वी तिथं भात पिकायचा, आता ऑनलाइन मागवलेल्या मालाची खोकी रचलेली असतात. माझा नवरा तिथं सुपरवायझर होता. भरदुपारी, शिफ्ट चालू असताना आग लागली. त्याने पॅकिंगच्या बायकांना आणि पोरांना पुढून बाहेर काढलं, आणि आत कोणी राहिलंय का बघायला परत गेला. तेवढ्यात पुढची बाजू पेटली. तो मागच्या शटरकडे धावला असणार, कारण तो सापडला तिथंच.

शिफ्ट सुरू झाली की मागचं शटर बाहेरून बंद करायचं, ही दिरांची रीत. मालाची चोरी होते म्हणून. जेवताना माझा नवरा कितीदा म्हणायचा, "दादाला सांगितलंय. बघतो बोललाय."

पोलिसांकडे गेलं ते एवढंच की आग शॉर्ट सर्किटने लागली. ते खरंही असेल. पण आग लागणं वेगळं आणि माणूस कोंडून मरणं वेगळं. हे मला दिसत होतं, आणि आमच्या अख्ख्या भावकीत कोणालाच दिसत नव्हतं, याची चीड मला जेवू देत नव्हती.

चीड सासूबाईंचीही यायची. मुलगा गेल्यावरही त्यांनी सकाळचा दिवा चुकवला नाही. मी एकदा न राहवून विचारलं, "आई, तेव्हा कुठे होता हो तुमचा देव?"

त्या वात वळत होत्या. हात थांबला नाही. "त्याच्यासंगं आत होता. पोराला एकटं टाकून जाईल कुठं?"

पुस्तकांमध्ये या प्रश्नावर खूप काही वाचलं होतं, त्यातलं एकही वाक्य त्या वेळी आठवेना.

तेरावं झालं आणि दीर आले. सोबत गावातली दोन वडीलधारी माणसं. माझ्याकडे न बघता ते सासूबाईंना म्हणाले, "काकी, तुझी सून पोलिसात जायचं म्हनते, असं कानावर आलंय. आपल्या घरातली गोष्ट. गावदेवीला कौल लावू. त्याचं जाणं तिच्याच मनात होतं का, विचारू. तिनं हो सांगितलं तर विषय संपला. तुझा देवीवर भरोसा हाय ना?"

"हाय," सासूबाई म्हणाल्या.

मी आत निघून गेले. इतका राग मला आगीचाही आला नव्हता. म्हातारीच्या श्रद्धेचंच दावं करून तिला खुंट्याला बांधायचं, आणि तेही हात जोडून!

कौलाच्या दिवशी देवळात बरीच माणसं जमली. आमच्याकडे भगत देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास रोखून बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवळाचं नवं छप्पर दिरांनीच घालून दिलेलं. ते त्याच्या खाली पुढे बसले होते. भगताने पाकळ्या पाण्यात बुडवल्या, म्हणाला, "हं, काय विचारायचं?"

दिरांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई उठल्या.

"कुलूप कुनी लावलं ते इचार."

भगताचा हात तसाच राहिला.

"काकी, देवीला असलं काय विचारत न्हाय," दीर म्हणाले.

"का? तिला ठावं नसंल?"

मागे बायकांत कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"अगं, आपलं ठरलं काय होतं..."

"तिच्या मनात काय होतं ते मी तिला इचारनार न्हाय. सून होऊन आले तवापास्नं तिच्या पायाशी हाय मी, अजून कदी जाब मागितला न्हाय. कुलपाचं इचार. न्हायतर तू सांग. हितं, तिच्या म्होरं बस आन् सांग."

दिरांचा चेहरा लाल झाला. आवाज चढला. "मीच सांगितलं होतं लावायला! त्यात काय? सगलेच लावतात! माल जातो त्याचं काय? मला काय ठाऊक आग लागंल?"

मग बोललेलं स्वतःच्याच कानावर आल्यासारखे ते थांबले. सासूबाईंनी देवीला हात जोडले आणि मला म्हणाल्या, "चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जबाब द्यायला निघालो. देवळात ऐकलेल्या माणसांपैकी कोणी सोबत येईल, असं मला वाटलं होतं. वाटेत आम्हाला बघून एकाने मोबाईल कानाला लावला, एकजण दुकानात शिरला. "बघा तुमचे भाविक," मी म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "तू तुजं बोल. बाकीचं तिला बघू दे." हे ऐकून मी आणखीच चिडले.

पोलीस ठाण्यात मी बोलले. लग्नानंतर इतकं एका दमात कधी बोलले नसेन. शटर, कुलूप, तो कुठे सापडला, देवळात दीर काय म्हणाले, सगळं. अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे त्यांनी कबूल केलं, म्हणता. ऐकलं कोणी?"

"अख्ख्या गावाने."

"त्यातलं इथं कोण आलंय?"

दारात भगत उभा होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला शेंदूर. केव्हा आला, कसा आला, आम्हाला कळलं नव्हतं. घाबरलेला होता, टोपी दोन्ही हातांत चुरगाळत होता.

"मी ऐकलं साहेब," तो म्हणाला. "देवीसमोर बोलले ते. पाकळ्या माज्या हातातच होत्या."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना जराही नवल वाटलेलं दिसलं नाही. बाकावर थोडं सरकून त्यांनी त्याला शेजारी जागा करून दिली. माझा राग तसूभर कमी झाला नव्हता, आजही झालेला नाही. पण त्या बाकावर बसल्या बसल्या मी देवीचं नाव घेतलं, त्या रागासकट, आणि अधिकाऱ्याला म्हणाले, "आता यांचं लिहून घ्या."