दादाचं सुरण

मयताच्या घरी आलेल्या माणसांना बोलायला काहीतरी लागतं. आमच्याकडं दादाचं नाव कुणाच्या तोंडातून निघायचं नाही, म्हणून सगळे त्याच्या सुरणावरच बोलायचे. असे एवढे किस्से साठलेत की सांगितल्याशिवाय सुटका नाही!

*

दादा जिंतूरला मास्तर होता. त्याच्या शाळेतल्या कोकणातल्या मास्तरांनी त्याला सुरणाचा गड्डा दिला. तो घेऊन दादा ताडकळसजवळच्या आमच्या गावी आला. मायनं लगेच विळी काढली.

"माय, खायला न्हाई! फुलासाठी आणलंय."

"वास कसा असतोय फुलाला?"

"मेलेल्या ढोरावानी!"

मायनं विळी आपटली. "तुझ्या आज्यानं धम्म घेतला आन् मेलेली ढोरं ओढायची सोडली. तू मास्तर होऊन तोच वास घरात आणायलास?"

दादा लय हसला. "आता ढोर न्हाई माय, नुसतं फूल हाय!"

गड्डा रॉकेलच्या डब्यात लावला. छत्रीएवढं पान आलं, पण फूल नाही. पुढच्या वर्षीही पानच. मग काविळीनं दादाच गेला.

*

दादाच्या मागं महिन्याभरात पानही पिवळं पडून आडवं झालं. शेजारचे सोनाजीमामा म्हणाले, "मेलंय ते. फेकून दे."

मी अंगावरच गेलो. "लावणाऱ्याला तर तुमीच खांदा देऊन नेलं. आता ह्याला हात लावला तर बघा!"

त्या दिवसापासून मामा डब्याला वळसा घालून जायचे.

*

गड्डा जिवंत आहे का, हे बघायला मी रोज माती उकरायचो. शेवटी मायनं डब्यावर पाटा ठेवला.

"रोज उठून 'मेला का, मेला का' इचारल्यावर कोण जगंल रे?"

*

माझ्यानं राहवेना. डबा घेऊन एसटीत बसलो, जिंतूरला निघालो. कंडक्टरनं विचारलं, "लगेज काय हाय?"

"भावाचं झाड."

त्यानं डब्यात वाकून बघितलं. "झाड तर दिसंना."

"भाऊ तरी कुठं दिसायलाय?"

त्यानं लगेजचं तिकीट फाडलं नाही.

कोकणातले मास्तर म्हणाले, "अरे, झोपलंय ते! पान गेल्यावरच फूल येतं. पाणी देऊ नकोस, गप्प बस."

गप्प बसणं मला शाळेतसुद्धा जमलं नव्हतं. म्हणून तर शाळा सुटली! पण दादासाठी बसलो.

*

उन्हाळा संपता संपता कोंब आला आणि एका संध्याकाळी फूल उमललं. जांभळं, सुरकुतलेलं, परातीएवढं. आणि वास? अरे बाप रे!

सोनाजीमामांना वाटलं, त्यांच्याच घरात उंदीर मेलाय. त्यांनी कणग्या हलवल्या, पेट्या काढल्या, भिंती सारवल्या. पोरीच्या लग्नातही ते घर एवढं स्वच्छ झालं नव्हतं! सगळं आवरल्यावर मी त्यांना फूल दाखवलं.

मामा नाक दाबून म्हणाले, "दादा असता तर लय हसला असता." त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी त्याचं नाव काढलं.

*

दुसऱ्या दिवशी वास गावात पोचला. पाटलांचा गडी वेशीवरूनच ओरडला, "पाटलांनी सांगितलंय, मेलेलं ढोर उचला!"

मी इकडून ओरडलो, "हितं ढोर न्हाई! त्यांना म्हणावं, येऊन बघा!"

पाटील मत मागायलासुद्धा बौद्धवाड्यात पाय ठेवायचे नाहीत. पण रागाच्या भरात ते तरातरा थेट आमच्या दारात आले. नाकातोंडावर उपरणं.

"ढोर कुठंय?"

मी डबा दाखवला. पाटील बघतच राहिले.

"हे फूल? उपटून टाक आत्ताच्या आत्ता!"

"माझ्या मेलेल्या भावानं लावलंय. तुमी हात लावून दाखवा!"

सगळा बौद्धवाडा गोळा झाला. तेवढ्यात माय तांब्या घेऊन बाहेर आली.

"पाटील, पहिल्यांदा दारात आलाव. पाणी घ्या."

पाटलांनी तांब्याकडं बघितलं आणि उपरणं आणखी घट्ट धरलं.

माय म्हणाली, "काढा की उपरणं. वास फुलाला हाय, पाण्याला न्हाई."