गोल व्हरांड्यातले आजोबा

मुलांनो, दिल्लीला जाऊन जुनं संसद भवन पाहून आलो. फोटो नाहीत, कारण फोन दारातच जमा करावे लागतात. म्हणून लिहून कळवते.

आम्ही तिघं होतो: मी, तुमचे आजोबा आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे तुमच्या चौलच्या आत्याआजी. आजोबांना हल्ली मधूनच विसरायला होतं, हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. नागावच्या बाजारातून घरी येताना एकदा ते वळण चुकले, तेव्हापासून मी त्यांना एकटं सोडत नाही. माझ्या नंबरची चिठ्ठीही त्यांच्याजवळ दिली होती, फोनच्या कव्हरात घालून. तोच फोन आता दारात जमा.

इमारत गोल आहे. बाहेरून सगळीकडे खांबांचा व्हरांडा, आणि सगळे खांब एकसारखे. व्हरांड्यातून आमचा गट मधल्या मोठ्या सभागृहात शिरला. राज्यघटना इथे तयार झाली, असं मार्गदर्शक सांगत होता. मी वळून पाहिलं, तर आजोबा नव्हते.

पहारेकऱ्याला सांगून आम्ही दोघी व्हरांड्यात परत आलो. वळणामुळे लांबचं काही दिसेना. इमारत उजव्या हाताला धरून मी भराभर चालायला लागले, तर आत्याआजींनी माझा पदर ओढला.

"वहिनी, तशी गेलीस तर दादाच्या मागं मागं फिरशील. तो देवळाला फेरी कशी घालतो? उजव्या हाताला देव. इथंही तसाच गेला असणार. आपण उलट्या जाऊ, समोर येईल."

"उलटी प्रदक्षिणा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"इथं देव न्हाय बसायचे, मंत्री बसायचे. चल."

गेलो. पाय अडखळत होते, कारण जन्मात कधी तसं चालले नव्हते. बऱ्याच खांबांनंतर समोरून आजोबा आले. हात मागे बांधलेले, चेहरा वैतागलेला.

"कुठे होतात दोघी? माझी फेरी पुरी होत आली."

"दादा, तू हरवला होतास," आत्याआजी म्हणाल्या.

"मी? चपलेचा पट्टा लावायला वाकलो, तेवढ्यात तुम्ही गायब. मी कशाला हरवतोय? इमारत गोल आहे. चालत राहिलं की माणूस निघाला तिथेच परत येतो."

डॉक्टरांच्या एकाही प्रश्नाला त्यांनी इतकं चोख उत्तर दिलं नव्हतं. मला हसूही आलं आणि डोळेही भरले. मी त्यांचा हात धरला.

"सोड, लोक बघतायत," ते म्हणाले.

"बघू देत," आत्याआजी म्हणाल्या. "नाहीतर पुन्हा फेरी घालशील."

मी हात सोडला नाही. मग लोकसभा आणि राज्यसभेची दोन्ही सभागृहं पाहिली. कुठली बाकं हिरवी आणि कुठली लाल, ते मला आता सांगता यायचं नाही. रविवारी फोन कराल तेव्हा आजोबांना विचारा. त्यांनी सगळं नीट पाहिलंय.