चेस्ट नंबर २२१७

मागच्या वर्षीच्या ऑगस्टचा दुसरा शनिवार. वेळ सकाळी अकरा पन्नास. आकडा तीन हजार एकशे चौसष्ट. हजर चौघे: आमचे गटशिक्षणाधिकारी साहेब, त्यांचा क्लार्क, विश्वविक्रम नोंदवणाऱ्या रेकॉर्ड कंपनीचा नागपूरहून आलेला परीक्षक आणि मोजणी प्रमुख म्हणून मी.

“गुरुजी, हा आकडा नाही चालणार,” साहेब म्हणाले.

“मोजून आणला आहे, साहेब.”

“चार हजार तीनशे वीस मुलांचा नकाशा म्हणून पेपरात दिलंय आपण.”

“मुलं तेवढी आली नाहीत.”

“देशाचं काम आहे हे. त्यात तुम्ही हजार पोरं कमी करून राहिले!”

“मी कमी केली नाहीत. ती रोवण्याला गेली.”

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. सत्तावीस वर्षं झाली. निवडणूक असो, जनगणना असो, पटपडताळणी असो, मोजायचं काम निघालं की तालुक्यात माझं नाव पुढे येतं. न वाचता सही करत नाही, अशी माझी ख्याती आहे. त्या ख्यातीचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो.

स्वातंत्र्यदिनानिमित्त शाळकरी मुलांना मैदानावर उभं करून भारताचा नकाशा करायचा, असं ठरलं होतं. डोक्यावर केशरी, पांढऱ्या, हिरव्या टोप्या. वरून ड्रोनने फोटो. जगातला सर्वांत मोठा. तयारीच्या सभेत साहेब म्हणाले होते, “जगात आपल्यासारखा देश नाही, हे आपल्या तालुक्यातून जगाला दाखवायचं.” आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. जन गण मन बावन्न सेकंदांत बसवायला मी पोरांना दरवर्षी घड्याळ लावून शिकवतो. मला देशाचं वावडं नाही.

मोजणीची पद्धत सोपी होती. गेटवर प्रत्येक मुलाच्या छातीला पिनेने एक नंबर लावायचा. त्याला चेस्ट नंबर म्हणतात. पन्नास मुलांमागे एक शिक्षक. त्याला स्टीवर्ड म्हणायचं. स्टीवर्डने एका कागदावर नंबर, नाव, शाळा, वर्ग लिहायचा. कागदाच्या दोन प्रती, कार्बन घालून. मूळ प्रत साहेबांच्या ऑफिसला, कार्बनची माझ्याकडे. नंबर छापले होते चार हजार तीनशे वीस. उरले अकराशे छप्पन्न. ते मी स्वतः गठ्ठे सोडून मोजले. वजाबाकी तीन हजार एकशे चौसष्ट. स्टीवर्डचे कागद चौसष्ट, शेवटच्यावर चौदा नावं. दोन्ही बाजूंनी हिशेब जुळत होता.

मुलं कमी का आली, हे इथे कुणालाही कळेल. चार दिवसांची पावसाची झड त्याच दिवशी उघडली होती. मागे राहिलेला धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, उरकायला अर्धा तालुका चिखलात उतरला होता. असा दिवस फुकट कोण घालवेल? नकाशाची तारीख ठरवणाऱ्यांत शेतावर जाणारं कुणी नव्हतं.

मुलं कमी पडली तेव्हा नकाशात भोकं दिसू लागली. साहेबांनी माईकवरून हुकूम दिला, एका हाताचं अंतर दोन हातांचं करा. केलं. देश तेवढाच राहिला. पोरं विरळ झाली.

चुन्याची सीमारेषा पुसू नये म्हणून दुसरा हुकूम आला. “फोटो होईपर्यंत कोणीही देशाच्या बाहेर पाय ठेवायचा नाही!” पाण्याचा टँकर देशाच्या बाहेर होता. बंगालच्या उपसागरात, गोलपोस्टजवळ.

दहाच्या सुमारास कागद तपासत मी अरुणाचलात पोहोचलो. सातवीच्या मुली उभ्या होत्या. झड उघडल्यावरचं इकडचं ऊन माहीत असेल त्याला सांगायला नको. एका सावळ्या, किडकिडीत मुलीने मला थांबवलं.

“गुरुजी, आमी कोठं उभे आहोत?”

“अरुणाचल प्रदेशात.”

“आनं आपला गोंदिया?”

मी मैदानाच्या मधे बोट दाखवलं.

“आनं पानी?”

“ते समुद्रात. फोटो झाला की मिळेल.”

“समुद्राचं पानी त खारं रायते, गुरुजी.”

बाजूच्या मुली खिदळल्या. मीही हसलो आणि पुढे गेलो. तिचं नाव विचारलं नाही. नंबर लक्षात राहिला, कारण नंबर माझ्या लक्षात राहतातच. बावीसशे सतरा.

फोटो नवाचा होता. मग जवळच्या बिरसी विमानतळावरून शिकाऊ पायलटांचं विमान डोक्यावर घिरट्या घालू लागलं. पोरांना वाटलं, फोटोवाला आला. त्यांनी टोप्या काढून हलवल्या आणि नकाशाचे रंग गेले. विमान गेलं तर ड्रोनची बॅटरी उतरली. शेवटी फोटो अकरा पंचवीसला झाला. मुलं सात चाळीसपासून उभी होती.

अकरा दहाला मी गेटवर गठ्ठे मोजत असताना केंद्रप्रमुखांची जीप घाईने बाहेर पडली. पंधरा गावांच्या शाळांवर देखरेख ठेवणारा तो केंद्रप्रमुख. मी फोन लावला.

“काही नाही गुरुजी, एका पोरीला चक्कर आली. तुम्ही मोजा.”

मी डायरीत लिहिलं: ११.१०, एक मुलगी, चक्कर. तिचा नंबर विचारला नाही. मोजणी अर्ध्यावर होती.

आता पुन्हा अकरा पन्नासवर येतो. साहेब आणि मी अडून बसलेलो. शेवटी परीक्षकाने वाट काढली. तिशीतला, टाय लावलेला माणूस होता.

“सर, नंबर की टेन्शन मत लीजिए. कॅटेगरी बना देते हैं.”

कॅटेगरी म्हणजे रेकॉर्डचा प्रकार. सर्वांत मोठा नकाशा दुसरीकडे कुठेतरी होऊन गेलेला असू शकतो. पण ‘भात पिकवणाऱ्या भागातील ग्रामीण विद्यार्थ्यांनी तिरंगी टोप्या घालून साकारलेला सर्वांत मोठा नकाशा’ जगात कुणी केलेला नव्हता.

“म्हणजे जगात पहिला?” साहेबांनी विचारलं.

“वर्ल्ड फर्स्ट, सर.”

साहेबांचा चेहरा खुलला. माझ्याकडे वळून म्हणाले, “घ्या गुरुजी. ठेवा तुमचा आकडा.”

परीक्षकाने जाताना एवढंच बजावलं की, कुणाला इजा वगैरे झाली असेल तर इन्सिडन्ट रिपोर्ट लागेल, मग फाइल रिव्ह्यूला जाईल, तीन महिने धरा. साहेबांना प्रमाणपत्र पंधरा ऑगस्टला स्टेजवर हवं होतं. हे वाक्य मी ऐकलं होतं. जीपही पाहिली होती. दोन्ही एकत्र मांडायला गणिताचा मास्तर लागत नाही. मी मांडलं नाही.

सोमवारी क्लार्कने टाइप केलेली यादी आणली. चौसष्ट पानं. मी शेवटचं पान उघडलं. एकूण तीन हजार एकशे चौसष्ट. सही केली. घरी येऊन बायकोला सांगितलं, “माझाच आकडा राहिला.” ती म्हणाली, “मग आता जेवा.”

नोव्हेंबरात धान कापणीला आलं तेव्हा एक बाई शाळेत आली. सोबत सातवीतली मुलगी, तोंडाला ओढणी बांधलेली. बाई म्हणाली, “मोजनीवाले गुरुजी तुमीच का?”

ती जंगलाकडच्या गावची सुगनबाई उईके, मजुरी करणारी. मुलगी रोशनी. त्या शनिवारी ती अरुणाचलात चक्कर येऊन तोंडावर पडली होती. सीमारेषेची दोरी ताणायला ठोकलेली लोखंडी खुंटी हनुवटीखाली लागली. जबडा दोन ठिकाणी मोडला. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. आत प्लेट टाकली आणि दात तारेने बांधले. सहा आठवडे पोरगी पेजेवर होती. प्लेट आणि औषधं बाहेरून आणावी लागली. जाणं-येणं धरून खर्च एकतीस हजार दोनशे साठ. सुगनबाईने तो कापणीच्या मजुरीवर उचल घेऊन केला होता.

शाळेच्या कामात विद्यार्थ्याला अपघात झाला, तर ऑपरेशनचा खर्च शासनाकडून मिळतो. मुख्याध्यापकांनी प्रस्ताव पाठवला होता, तो परत आला. बाईने कागद माझ्यापुढे ठेवला. ‘सहभागी विद्यार्थ्यांच्या प्रमाणित यादीत सदर विद्यार्थिनीचे नाव आढळत नाही.’ खाली यादी प्रमाणित करणाऱ्याचं नाव होतं. माझं.

मी कपाटातून कार्बन प्रती काढल्या. पंचेचाळिसावा कागद, सतरावी ओळ. २२१७, रोशनी उईके. मग टाइप केलेल्या यादीची माझी प्रत काढली. २२१७, पायल पटले. शाळा तीच, वर्गही तोच.

“पायल तुझ्याजवळ उभी होती का?” मी रोशनीला विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. तोंड अजून नीट उघडत नव्हतं. दातांतून म्हणाली, “थे त रोवन्याले गेलती.”

सुगनबाई म्हणाली, “गुरुजी, त्या दिवशी मी बी रोवन्याले नेत होतो तिले. तिचे बी अडीचशे भेटले असते. शाळेतले सर घरी आले. म्हनत, देशाचा काम हाये, पोरगी पाठव. मी पाठवली. मंग तिचं नाव कायले खोडलं?”

मी दोन्ही कागद पिशवीत घातले.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. दोन्ही कागद टेबलावर ठेवले.

“हे नाव कुणी बदललं?”

साहेबांनी क्लार्ककडे पाहिलं. क्लार्कने पंख्याकडे.

“बसा गुरुजी. पोरगी जखमी म्हटलं असतं तर फाइल अडकली असती. मला वाटलं, चक्कर आहे, पोरगी संध्याकाळी घरी जाईल.”

“आणि ज्या नव्हत्याच, त्यातली एक आत घातली?”

“एक काढली म्हणून एक घातली. तुमचा आकडा तर तोच ठेवला ना? तुम्हाला आकडा पाहिजे होता. दिला.”

सत्तावीस वर्षांत इतकं खरं मला कुणी तोंडावर बोललं नव्हतं.

“मी लिहून देतो की यादी चूक आहे.”

“द्या. पण लक्षात घ्या, प्रमाणपत्र जाईल. तालुक्याचं नाक जाईल. पेपरवाले काय लिहितील, देशाच्या नकाशात घोटाळा! तुमच्यासारख्या माणसाला शोभतं का हे?” त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर तेच प्रमाणपत्र सोनेरी फ्रेममध्ये लटकत होतं.

मी लिहून दिलं. कार्बन प्रत जोडली. केंद्रप्रमुखांकडे जबाब मागितला. ते म्हणाले, मला आठवत नाही. स्टीवर्ड शिक्षकाची जानेवारीत बदली झाली, मग त्यालाही आठवेनासं झालं. मला कारणे दाखवा नोटीस आली. मजकूर होता: ‘आपण स्वतः प्रमाणित केलेल्या राष्ट्रीय उपक्रमाची बदनामी का केली, याचा खुलासा करावा.’ मी साडेतीन पानांचा खुलासा दिला. त्यानंतर माझी एक वेतनवाढ थांबली.

प्रस्ताव मार्चमध्ये दुसऱ्यांदा परत आला, कायमचा. कारण एका ओळीत होतं. ‘एकाच कर्मचाऱ्याने परस्परविरोधी नोंदी प्रमाणित केल्याने दोन्ही ग्राह्य धरता येत नाहीत.’ त्यांच्या जागी मी असतो, तर मीही हेच लिहिलं असतं. रोशनीला साहेबांच्या क्लार्कने यादीतून काढलं, हे खरं. पण तिला परत आत येऊ दिलं नाही ते माझ्या सहीने.

एका रविवारी मी मोटरसायकलने तिच्या गावी गेलो. सुगनबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मी पाकीट पुढे केलं. तिने ते लगेच घेतलं नाही.

“हे सरकारचे हायेत का तुमचे?”

“माझे.”

“तुमचे काऊन? तुमी पाडलं का तिले?”

“नाव न वाचता सही केली.”

तिने पाकीट घेतलं, पैसे दोनदा मोजले. मग म्हणाली, “आता एक कागद बी लिवून द्या. पोरी चिडवतेत तिले. म्हनतेत, तू त नकाशात नोहोतीच, घरीच कोठंतरी पडली असशील.”

रोशनीने वही आणून दिली. मी लिहिलं: ‘कु. रोशनी उईके, इयत्ता सातवी, ही सकाळी सात चाळीसपासून अकरा दहापर्यंत भारताच्या नकाशात, अरुणाचल प्रदेशात, चेस्ट नंबर २२१७ लावून उभी होती. त्या वेळेत तिला पाणी मिळाले नाही. ती तिथेच पडली.’ लिहिलेलं मोठ्याने वाचलं, मनात पुन्हा वाचलं आणि मग सही केली. रोशनीने कागद घेतला आणि म्हणाली, “समुद्र लिवला नाई.” मी तेही लिहिलं, टँकरची जागा म्हणून.

मी आता पोरांना बेरीज शिकवताना उत्तर आधी बघत नाही. ओळी बघतो. बेरीज बरोबर येऊनही ओळ खोटी असू शकते.

शेवटी दिलं गेलं ते असं. रेकॉर्ड कंपनीला प्रमाणपत्राचे पंचाहत्तर हजार आणि चार सोनेरी फ्रेमचे सहा हजार, असे एक्याऐंशी हजार रुपये. सगळ्या शाळांना खर्चासाठी मिळणाऱ्या निधीतून, आठ दिवसांच्या आत. सुगनबाई उईके यांना शासनाकडून शून्य. माझ्याकडून एकतीस हजार दोनशे साठ, रोख. अडीचशे रुपये रोवण्याच्या रोजाचे वेगळे.