मुद्देमालातला कारवान

दारावरून एखादं सडपातळ, उंच पायांचं कुत्रं गेलं की ती घटना अजून आठवते, आणि मी पेपर तोंडासमोर धरतो. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. हिंगणघाटकडच्या एका लहान ठाण्यात मी नवा फौजदार होतो. माझ्या मिशा अकलेपेक्षा जोमानं वाढल्या होत्या.

खबऱ्याने टीप दिली: नाल्याकाठी काळवीट मरून पडलंय, गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शिकारी कुत्र्यानं मारलं. पंचनामा केला, काळवीट तपासणीला जनावरांच्या डॉक्टरकडे पाठवलं, म्हाताऱ्याला अटक केली. त्याचा कारवान जातीचा कुत्रा मुद्देमाल म्हणून व्हरांड्यात बांधला. म्हातारा येताना गोधडी घेऊन आला होता.

"साहेब, याले फरशीवर झोपवू नका. अंगावर मास नाई, हाडं टोचते."

"आरोपीला गोधडी नाही अन् कुत्र्याला?" मी म्हणालो. शिपाई हसले. साहेबाच्या विनोदाला हसणं हा ड्यूटीचाच भाग.

कुत्रा भुंकत नव्हता, परक्याच्या हातचं खात नव्हता. कोणी हात लावला की नुसती कातडी थरथरायची.

चौकशीत म्हाताऱ्याचं एकच म्हणणं: "वय झालं त्याचं. काळवीट कुठून धरते आता?"

मी म्हणालो, मग धावूनच दाखवू दे, पंचांसमोर! पण बरगड्या दिसत होत्या, आणि उपाशी मुद्देमाल बरा दिसत नाही. म्हणून म्हाताऱ्याला कोठडीबाहेर काढून त्याच्याच हातानं मटण-भाकर भरवली. म्हातारा खूश झाला. लगेच कुत्र्याला माळावर नेताना पाहून मात्र ओरडला, "आताच जेवला तो! भरल्या पोटी पळवला तं आतडं पिळते साहेब, मरते!"

"काऊन बाबा, पुरावा सापडंल म्हणून भेव वाटते का?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

शिपायाने दोरीला बकरीचं कातडं बांधून सायकल पिटाळली. या जातीचा कुत्रा वासावर नाही, नजरेवर सुटतो. समोर काही हललं, आणि तो गेला. जमिनीला पाय लागत नव्हते. पंच "वा!" म्हणाले. मीही म्हणालो.

तासाभरात पोट नगाऱ्यासारखं फुगलं. कोरड्या उलट्या सुरू झाल्या. जीप काढली, पण हिंगणघाट येण्याआधीच बेड्या घातलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर तो गेला.

परतलो तर डॉक्टरांचा अहवाल येऊन पडलेला. काळविटाच्या मानेवर तारेच्या फासाचा वळ होता, दाताची खूण कुठेच नव्हती. मी म्हाताऱ्याला सोडलं. त्यानं गोधडी मागितली. ती ठाणे अंमलदाराच्या खुर्चीवर घडी घालून होती.

"आता काई टोचत नाई त्याले," गोधडी झटकत तो म्हणाला, "तरी द्या."

दुसऱ्या दिवशी खबऱ्याच्याच कुंपणात तसली तार सापडली. "तुला कसं कळलं?" हे मी त्याला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. आणि हेही शिकलो की आरोपी बोलतो ते सगळंच बचावासाठी नसतं. कधी तो फक्त आपल्या कुत्र्याला ओळखत असतो.

गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. तेव्हा माझीही कातडी थरथरली.