अहिराणी बोलणाऱ्या सिस्टरअक्का

सिस्टरअक्का मूळच्या केरळच्या, पण त्यांना मराठी यायची ती फक्त अहिराणी. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या गावात त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आल्या, तेव्हा तिथे स्वयंपाक करणाऱ्या सखूबाईंनी त्यांना बोलायला शिकवलं, आणि सखूबाईंना दुसरी कुठली भाषाच येत नव्हती. त्यामुळे तालुक्याचे साहेब तपासणीला आले, तरी सिस्टरअक्का हात जोडून विचारायच्या, "साहेब, जेवनात का?" साहेब बाहेरगावचे असले की बिचारे आमच्या तोंडाकडे पाहायचे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी त्या गावी शिक्षिका म्हणून रुजू झाले. एकट्या बाईला गावात खोली मिळेना. सिस्टरअक्कांनी दवाखान्यामागची, त्यांच्या शेजारची खोली मला दिली. ही बातमी आमच्या घरी, भडगावला पोहोचली आणि माझे वडील, आबा, पुढच्याच एसटीने हजर झाले. पोरगी बाटते की काय, ही त्यांची धास्ती. दारातच त्यांनी सरळ विचारलं, "आमची पोरगी तुमच्या प्रार्थनेला बसते का?"

सिस्टरअक्का शांतपणे म्हणाल्या, "नही आबा. आम्ही प्रार्थना करतस तवय ती झोपेल ऱ्हास. शाळाले उशीर व्हस म्हनीसन मीच तिले उठाडस."

मी शरमेने खाली पाहत राहिले. आबा मात्र हसू आवरत आत आले, वांग्याचं भरीत खाऊन तृप्त झाले आणि पुढच्या खेपेला सिस्टरअक्कांसाठी भाकरीचं ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ घेऊन आले.

सिस्टरअक्कांना पाण्याची भारी भीती. विहिरीच्या काठावरसुद्धा त्या दोन हात लांब उभ्या राहायच्या. म्हणून त्या पावसाळ्यात जे झालं ते मला आजही लख्ख आठवतं.

गाव आणि पलीकडचा पावरा आदिवासींचा पाडा, यांच्यामध्ये नाला होता. तो दुथडी भरलेला असताना पाड्यावरची झिंगी अडली. पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून कळा देत होती. तिचा भाऊ दुरसिंग सकाळी पोहत अलीकडे आला आणि दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसला. झिंगीला बाजेवर घालून आणणं शक्यच नव्हतं. सिस्टरअक्कांनी पिशवी भरली आणि नाल्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पाण्याकडे पाहताना त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

मग त्यांनी दगाभाऊंना हाक मारली. दगाभाऊंचं गुऱ्हाळ होतं. "भाऊ, तुमनी काहील आना," त्या म्हणाल्या.

"अक्का, बुडशात," दगाभाऊ म्हणाले.

"तुम्ही दोर धरेल शेतस ना? मंग कशी बुडसू?"

उसाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई, काहील, चौघांनी आणली आणि तिला दोन्ही बाजूंनी दोर बांधले. दुरसिंग एका दोराचं टोक कमरेला बांधून पलीकडे पोहत गेला, दुसरा दोर आम्ही धरला. मीही धरला होता. तळहात सोलून निघाले. सिस्टरअक्का पिशवी पोटाशी घेऊन काहिलीत बसल्या, डोळे मिटले आणि मल्याळममध्ये मोठमोठ्याने प्रार्थना म्हणू लागल्या. मध्ये काहील गरकन फिरली, कलली, त्यांची एक चप्पल वाहून गेली. प्रार्थनेचा आवाज तेवढा वाढला. पलीकडच्या माणसांनी त्यांना अलगद उचलून घेतलं आणि त्या अनवाणीच पाड्याकडे धावल्या.

आम्ही काठावर बसून राहिलो. कोणी घरी जाईना. दुपार कलल्यावर दुरसिंग पलीकडच्या काठावर दोन्ही हात वर करून पळत आला आणि ओरडला, "पोरगी शे! दोन्ही बऱ्या शेतस!" दगाभाऊ डोळे पुसत होते.

पाणी उतरल्यावर सिस्टरअक्का चालत परत आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "सखूमाय, चहा शे का?"

त्यानंतर मात्र त्या तालुक्याला जाऊन साहेबांसमोर बसल्या. "साहेब, मी दर साल काहीलमा बसाव नही," असं त्यांनी सुनावलं. साहेबांना आधी काही कळेना. शिपायाने त्यांच्याकडून ऐकून सगळी हकीकत साहेबांच्या मराठीत सांगितली तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. पुढच्या हिवाळ्यात नाल्यावर फरशी पूल झाला. गावाने आणि पाड्याने मिळून श्रमदान केलं; सिस्टरअक्का डोक्यावर पाट्या वाहत होत्या आणि आळशी माणसांना अहिराणीत नावं ठेवत होत्या.

काही वर्षांनी त्यांची दूर ओरिसात बदली झाली. त्याच सुमारास आबांनी माझ्या भडगावच्या बदलीसाठी खटपट केली होती. मी नको म्हणाले. आबांनी कारण विचारलं नाही.

सिस्टरअक्का निघाल्या त्या दिवशी पाड्यावरचे लोक ढोल घेऊन एसटीच्या थांब्यावर आले. झिंगी लेकीचा हात धरून आली होती. निरोपाला रडायचं नाही, असं बायकांनी आधीच ठरवलं होतं. त्यांनी एकमेकींच्या कमरेत हात घालून रांग धरली आणि सिस्टरअक्कांना मध्ये ओढलं. पांढऱ्या साडीचा पदर खोचून त्या नाचू लागल्या. पावलं चुकत होती, हसणं थांबत नव्हतं. तेवढ्यात एसटी आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला हात नेला, समोर पाहिलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बिडी पेटवली.